रमाबाई रानडे : ‘आठवणीं’नंतरचीं तेवीस वर्षें

नाशिक जिल्ह्यांतील निफाड हें तालुक्याचें गांव. कादवा आणि गोदावरी ह्या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख कांदा, द्राक्षें आणि ऊंस ह्यांसाठीं साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. इतिहासाच्या वाचकांस मात्र तो आणखी एका कारणानें परिचित आहे. १८ जानेवारी १८४२ रोजीं महादेव गोविंद रानडे ह्यांचा जन्म निफाडास झाला. वडील गोविंदराव त्या वेळीं तेथें सरकारी कचेरींत कारकून होते. पुढें ते कोल्हापूर संस्थानच्या चाकरींत गेले. निफाडाहून कोल्हापुराकडे जातांना रात्रीच्या अंधारांत दोन-अडीच वर्षांचें हें मूल बैलगाडींतून खालीं पडलें, आणि मागून घोड्यावरून येणाऱ्या काकांना त्यानेंच हांक मारली म्हणून तें सांपडलें, अशी हकीकत रानड्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. त्या रात्रीं ती हांक कोणाच्या कानीं गेली नसती तर महाराष्ट्राच्या पुढील पन्नास वर्षांचा इतिहास कांहीं निराळाच झाला असता, असें म्हणण्याचा मोह कोणासही होईल.

परंतु आजचा विषय न्यायमूर्ति रानडे हा नाहीं. ज्या स्त्रीनें त्यांचें आडनांव लावलें, त्यांच्या घरीं लिहिणें-वाचणें शिकली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षें महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांत स्वतःच्या पायांवर उभी राहिली, त्या रमाबाई रानडे ह्यांच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. रमाबाईंचें नांव महाराष्ट्रांत अपरिचित आहे असें कोणीच म्हणणार नाहीं. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें त्यांचें पुस्तक मराठी घरांतून शंभर वर्षांहून अधिक काळ वाचलें जात आहे. १९६२ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें, आणि २०१२ सालीं त्यांच्या चरित्रावरील दूरचित्रवाणी-मालिका लाखो घरांत पाहिली गेली. तरीही ह्या साऱ्या प्रसिद्धींतून आपल्या मनांत जी मूर्ति उभी राहते, ती दिव्याच्या उजेडांत पतीजवळ बसून धडे गिरविणाऱ्या, घरांतील वडील स्त्रियांचीं बोलणीं मुकाट्यानें सोसणाऱ्या एका सोशिक पत्नीची. ती मूर्ति खोटी नाहीं. पण ती अर्धीच आहे.

ह्याचें कारण खुद्द त्या पुस्तकांतच आहे. ‘आठवणी’ १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांस गोपाळ कृष्ण गोखले ह्यांची प्रस्तावना होती. ग्रंथाच्या नांवांत ‘आमच्या’ हा शब्द असला, तरी त्याचा नायक एकच आहे. पुढें १९३८ सालीं ह्या पुस्तकाचें जें इंग्रजी भाषांतर झालें त्याच्या शीर्षकाचा अर्थच मुळीं ‘तो स्वतः’ असा होता. आणि नायकाच्या देहावसानाबरोबर, म्हणजे १६ जानेवारी १९०१ ह्या दिवशीं, कथाही संपते. त्यानंतरचीं स्वतःचीं वर्षें रमाबाईंनीं लिहून ठेविलीं नाहींत. ज्या काळांत त्या स्त्रियांच्या परिषदेच्या अध्यक्षा झाल्या, हजारों स्त्रियांस शिकविणारी संस्था त्यांनीं उभारली आणि मुंबई इलाख्यांतील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचें पुढारीपण केलें, तो काळ त्यांच्या स्वतःच्या लेखणीनेंच पडद्याआड राहिला. जें बाईंनीं सांगितलें तें आपण लक्षांत ठेविलें; जें त्यांनीं केलें तें आपण विसरलों.

ह्याच सुमारास युरोपांत ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील एका स्त्रीचें आत्मचरित्र निघालें होतें, त्याची येथें आठवण होते. आडेलहाइड पॉप हें तिचें नांव. १८६९ सालीं एका विणकराच्या घरीं जन्मलेली ही मुलगी तीनच वर्षें शाळेंत गेली, आणि पुढें कारखान्यांत राबूं लागली. मजूर स्त्रियांच्या पत्राची ती संपादिका झाली. १९०९ सालीं, म्हणजे रमाबाईंच्या ‘आठवणीं’च्या एकच वर्ष आधीं, तिनें आपल्या तरुणपणाची कहाणी छापली, प्रथम नांव न घालतां, आणि आउगुस्ट बेबेल ह्या पुढाऱ्याच्या प्रास्ताविक शब्दांसह. ऑस्ट्रियांत १८६७ च्या कायद्यान्वयें स्त्रियांस राजकीय संस्थेचें सभासदही होतां येत नसे. ती बंदी १९११ पर्यंत टिकली. पण महायुद्धांत राजसत्ता कोसळली, नोव्हेंबर १९१८ मध्यें प्रजासत्ताकाची घोषणा झाली, आणि त्याबरोबरच स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें मत मिळालें. फेब्रुवारी १९१९ च्या निवडणुकींत आठ स्त्रिया तेथील घटनासभेंत निवडून आल्या. आडेलहाइड पॉप त्यांपैकीं एक होती.

मजुराची मुलगी आणि जहागीरदाराची मुलगी, समाजवादी स्त्री आणि प्रार्थनासमाजी वळणाची स्त्री, असा ह्या दोघींत दोन ध्रुवांइतका फरक आहे. पण एक गोष्ट दोघींस समान होती. ज्या राजकारणांत त्यांस जन्मतः प्रवेश नव्हता, त्याचा दरवाजा उघडण्याचें काम दोघींनींही केलें. पॉपबाईंस तो दरवाजा क्रांतीनें उघडून दिला. रमाबाईंच्या नशिबीं परकी सत्ता, मर्यादित सुधारणा आणि घरचा उंबरठा असे तीन दरवाजे होते, आणि तिन्ही एकामागून एक ठोठवावे लागले.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं देवराष्ट्रे येथें कुर्लेकरांच्या घरीं झाला. हें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें, आज सांगली जिल्ह्यांत आहे. माहेरचें त्यांचें नांव यमुना. घराण्यांत मुलींस अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांचें लग्न एकतीस वर्षांच्या माधवराव रानड्यांशीं झालें. ह्या विवाहाची कथा रानड्यांच्या चरित्रांतील सर्वांत अवघड पान आहे. माधवराव विधवाविवाहाच्या चळवळीचे पुरस्कर्ते होते. प्रथम पत्नी वारल्यावर ते विधवेशीं विवाह करितील अशी मित्रांची अपेक्षा होती, आणि नेमकी तीच भीति वडिलांस होती. गोविंदरावांनीं घाईनें मुलगी पाहिली, हट्ट धरिला, आणि मुलानें मान तुकविली. सुधारकांनीं ह्याबद्दल माधवरावांस दोष दिला तो अन्यायाचा होता असें म्हणतां येणार नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. चर्चा झाली ती सगळी माधवरावांच्या वचनभंगाची. त्या अकरा वर्षांच्या मुलीस काय वाटलें असेल, हा प्रश्न त्या वेळीं कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं.

माधवरावांनीं तिला शिकविण्यास आरंभ केला. ह्या शिक्षणाची हकीकत ‘आठवणीं’त इतकी प्रसिद्ध आहे कीं ती येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. घर मोठें होतें. आश्रित व नातलग स्त्रिया पुष्कळ होत्या. सून वाचावयास बसली म्हणजे टोमणे सुरू होत. पुढें इंग्रजी शिकविण्यास मिस हरफर्ड ह्या मिशनरी बाई येऊं लागल्या तेव्हां शिवाशिवीचाही प्रश्न उपस्थित झाला. पति बाहेर सुधारणेचीं भाषणें करी, आणि त्या सुधारणेची किंमत स्वयंपाकघरांत पत्नीस मोजावी लागे. हा केवळ रानड्यांच्या घरचा अनुभव नव्हता. त्या पिढींतील बहुतेक सुधारकांच्या घरीं हेंच घडलें. स्त्रीशिक्षणाचा इतिहास आपण पुरुषांच्या व्याख्यानांवरून लिहितों; तो खरोखर घडला तो माजघरांत.

१८७८ सालीं रानड्यांची बदली नाशिकास झाली. पुण्याच्या मोठ्या कुटुंबापासून दूर, ह्या जिल्ह्याच्या ठिकाणीं रमाबाईंस प्रथमच थोडा मोकळा श्वास घेतां आला. लोकहितवादी गोपाळराव देशमुख त्या वेळीं नाशिकास न्यायखात्यांत होते, आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांशीं रमाबाईंचा स्नेह जडला. रमाबाईंच्या सार्वजनिक जीवनाचा पहिला पाठ नाशिकचा, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ज्या जिल्ह्यांत पतीचा जन्म झाला, त्याच जिल्ह्यांत पत्नीनें चारचौघांपुढें उभें राहण्याचा अभ्यास सुरू केला.

१८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. संस्कृतांत शास्त्रार्थ करणारी, तरुण, विधवा आणि पुरुषांच्या सभेंत न डगमगणारी ही स्त्री पाहून पुण्याच्या वडीलधाऱ्या मंडळींस धक्का बसला. रानड्यांच्या घरची तरुण रमाबाई मात्र तिच्या सभांस नेमानें जाऊं लागली. लवकरच मुलींच्या हायस्कुलाची मागणी पुढें आली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या उपस्थितींत भरलेल्या सभेंत ती मागणी रमाबाईंनीं इंग्रजींत वाचून दाखविली. भाषण पतीनें लिहून दिलें होतें. पण शेंकडों पुरुषांसमोर उभें राहून तें वाचणारा आवाज बाईचा होता. त्या दिवशीं घरीं परतल्यावर वडील स्त्रियांकडून त्यांस जें ऐकून घ्यावें लागलें, तें त्यांनीं पुढें तपशिलानें लिहिलें आहे. २९ सप्टेंबर १८८४ रोजीं पुण्यास मुलींची ती शाळा निघाली. हुजूरपागा ह्या नांवानें ती आजही चालूं आहे.

१८९३ सालीं रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले, आणि कुटुंब मुंबईस आलें. येथवरच्या रमाबाई ह्या मोठ्या पुरुषाच्या कर्तबगार सहचारिणी होत्या. १९०१ सालीं न्यायमूर्ति वारले, तेव्हां त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या काळच्या समजुतीप्रमाणें आतां त्यांनीं पोथ्या वाचाव्या, तीर्थयात्रा कराव्या आणि लोकांच्या दृष्टीआड व्हावें. ‘आठवणीं’चें शेवटचें पान येथें संपतें. सार्वजनिक रमाबाईंचें पहिलें पान येथूनच सुरू होतें.

पुण्यास परत येऊन दुःखाचे दिवस काढल्यावर त्या हळूहळू बाहेर पडूं लागल्या. येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांस भेटण्यासाठीं त्या जात. दवाखान्यांतून रोग्यांची विचारपूस करीत. १९०४ सालीं डिसेंबर महिन्यांत मुंबईस सामाजिक परिषदेच्या जोडीनें स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली. ती भारत महिला परिषद. तिच्या अध्यक्षस्थानीं रमाबाई होत्या. पुरुषांच्या परिषदेंत स्त्रियांनीं श्रोते म्हणून बसावें, ही आजवरची रीत. आतां स्त्रियांच्या प्रश्नांवर स्त्रियांनींच ठराव मांडावे, ही नवी रीत सुरू झाली. विधवेनें मंगलप्रसंगीं पुढें येऊं नये असा ज्या समाजाचा दंडक होता, त्याच समाजांतील शेंकडों सुवासिनींच्या सभेंत मुख्य आसनावर एक विधवा बसली होती.

१९०८ सालीं बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल ह्यांनीं मुंबईस सेवासदनाची स्थापना केली, आणि अध्यक्षपद रमाबाईंकडे आलें. पुढील वर्षीं, १९०९ सालीं, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या साह्यानें पुण्याचें सेवासदन निघालें, तें रानड्यांच्या राहत्या वाड्यांत. ह्या संस्थेचा विशेष कोणता, तें नीट समजून घेतलें पाहिजे. तोंपर्यंत मुलींच्या शाळा होत्या. पण जिचें शाळेचें वय टळलें, लग्न झालें, पति वारला, आणि जी दिराच्या किंवा भावाच्या घरीं दोन वेळच्या अन्नावर राबत आहे, अशा बाईस कोणती शाळा घेणार? सेवासदनानें दुपारचे वर्ग काढिले. दुपार ही वेळ मुद्दाम निवडलेली. कारण सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकांत जाई, आणि घरचे लोक तेवढ्या दोन-तीन तासांची सुटी फार तर देत. प्राथमिक शिक्षण, शिवणकाम, संगीत, शिक्षिकेचा अभ्यासक्रम आणि रोग्यांची शुश्रूषा, असे विषय ठेविले. प्रत्येक विषयाच्या शेवटीं मिळकतीची वाट होती. मास्तरीण किंवा परिचारिका झालेली बाई कोणाच्या दारीं आश्रित राहत नाहीं, एवढें साधें अर्थशास्त्र त्यामागें होतें. १९१५ सालीं पुण्याची संस्था स्वतंत्र म्हणून नोंदविली गेली.

ह्या विषयांपैकीं सर्वांत अवघड ठरला तो शुश्रूषेचा. परक्या पुरुषांच्या अंगास हात लावणें, कोणत्याही जातीच्या रोग्याचें मळमूत्र काढणें, रात्रीं घराबाहेर राहणें. ब्राह्मण घरांतील विधवेनें हें करावें ही कल्पनाच लोकांस असह्य वाटे. ससून रुग्णालयांत शिक्षणासाठीं मुली धाडण्यापूर्वीं रमाबाईंस एकेका घरीं जाऊन आईबापांची समजूत घालावी लागे. न्यायमूर्तींच्या विधवा पत्नीच्या शब्दास ‘नाहीं’ म्हणणें कठीण, हें त्यांस ठाऊक होतें. आणि त्या वजनाचा त्यांनीं पुरेपूर उपयोग केला.

ह्या काळांतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनीं नोंदविला आहे. संस्थेच्या वार्षिक समारंभांत एक केशवपन केलेली तरुण विधवा बक्षीस घेण्यासाठीं व्यासपीठावर आली, तेव्हां सज्ज्यांत बसलेल्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं तिची हुर्यो केली. समारोपास रमाबाई उठल्या. त्यांनीं त्या तरुणांस विचारलें कीं, विद्यापीठांत शिकणारे म्हणवितां, आणि ज्या रूढीनें ह्या मुलीचें असें केलें तीस न हसतां त्या मुलीलाच हसतां? तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं अशी एखादी बहीण किंवा आई असेल, हेंही त्यांनीं सुनावलें. इतका कठोर सूर त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. ‘आठवणीं’तील मुकाट्यानें सोसणारी सून आणि ही अध्यक्षा ह्या दोन निरनिराळ्या स्त्रिया नव्हेत. स्वतःचा अपमान जिनें गिळला, तिनें दुसरीचा गिळला नाहीं.

आतां त्यांच्या राजकारणाकडे वळूं. ‘राजकारण’ हा शब्द रमाबाईंनीं स्वतःविषयीं कधीं वापरला असता असें वाटत नाहीं. पण १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि सक्तीचें शिक्षण सुरू करण्याचा अधिकार नगरपालिकांस मिळाला, तेव्हां त्यांस मैदानांत उतरावें लागलें. पुण्यांत प्रश्न निघाला कीं सक्ती मुलांपुरती करावी कीं मुलींसही लागू करावी. टिळकपक्षाचें म्हणणें असें कीं पैसा अपुरा आहे. आधीं मुलांचें पाहूं, मुलींचें पुढें. व्यवहाराच्या दृष्टीनें हा मुद्दा अगदींच पोकळ नव्हता. परंतु रमाबाईंस त्यांतील मेख कळली होती. स्त्रियांच्या बाबतींत ‘पुढें’ ह्या शब्दाचा अर्थ ‘कधींच नाहीं’ असा होतो, हें त्यांनीं चाळीस वर्षें पाहिलें होतें. १९२० च्या सुमारास मुलींनाही सक्तीचें शिक्षण मिळालें पाहिजे ह्या मागणीसाठीं पुण्याच्या रस्त्यांवरून स्त्रियांची मिरवणूक निघाली आणि तिच्या पुढें रमाबाई होत्या. गव्हर्नरासमोर लिहून दिलेला कागद वाचणारी तरुणी आतां साठीच्या जवळ आली होती. ह्या वेळीं कागद कोणीं लिहून दिलेला नव्हता.

मताधिकाराची चळवळ ह्याच वेळची. डिसेंबर १९१७ मध्यें सरोजिनी नायडू ह्यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांचें शिष्टमंडळ मद्रासेस माँटेग्यूसाहेबांस भेटलें, आणि नव्या सुधारणांत स्त्रियांस पुरुषांच्या अटींवरच मत द्यावें अशी मागणी केली. परंतु मतदारसंघांची चौकशी करण्यास आलेल्या साउथबरो समितीनें हिंदी स्त्रियांस मत देण्याची वेळ अद्याप आली नाहीं असा अभिप्राय दिला. तेव्हां मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन ह्या १९१९ सालीं थेट विलायतेस जाऊन तेथें साक्ष देऊन आल्या. अखेर पार्लमेंटानें मधला मार्ग काढिला. १९१९ च्या कायद्यानें स्त्रियांस मत दिलें नाहीं, पण नाकारलेंही नाहीं. प्रत्येक प्रांताच्या कायदेकौन्सिलास वाटल्यास त्यानें ठराव करून स्त्रियांवरील बंदी उठवावी, एवढी मोकळीक ठेविली.

म्हणजे प्रश्न लंडनहून सुटून मद्रास, मुंबई, कलकत्ता येथें आला. आतां परक्या सरकारकडे बोट दाखवून भागणार नव्हतें. आपल्याच लोकांनीं निवडून दिलेल्या पुरुषांनीं आपल्याच आयाबहिणींविषयीं काय तें ठरवावयाचें होतें. एप्रिल १९२१ मध्यें मद्रास कौन्सिलानें प्रथम होकार दिला. मुंबईस जुलै महिन्यांत ठराव आला. त्यापूर्वीं मुंबई-पुण्याच्या स्त्रियांच्या संस्थांनीं सभा भरविल्या, अर्ज पाठविले, सभासदांच्या गांठी घेतल्या; आणि इलाख्यांतील ह्या चळवळीच्या अग्रभागीं रमाबाई होत्या. विरोधकांचे मुद्दे ठराविक होते. स्त्रियांनीं हा हक्क मागितलेलाच नाहीं. घराकडे दुर्लक्ष होईल. पडद्यांतील बायका मतदानास कशा येणार? ‘स्त्रियांनीं मागितलेलें नाहीं’ ह्या पहिल्या मुद्द्याला सभांतील गर्दी हेंच उत्तर होतें. दुसऱ्या मुद्द्याला रमाबाईंचें स्वतःचें आयुष्य हें उत्तर होतें. कारण गृहकर्तव्यांत त्यांनीं कसूर केली असें म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. येथें त्यांच्या सोशिकपणाची कीर्ति चळवळीच्या कामीं आली. जिच्या पातिव्रत्याचे गोडवे सनातन्यांनींही गाइले, तीच मत मागूं लागली तेव्हां तिला उच्छृंखल म्हणण्याची सोय राहिली नाहीं. तीन दिवस वाद चालला. ठरावाच्या बाजूनें ५२, विरुद्ध २५, आणि १२ सभासद तटस्थ राहिले. ठराव मंजूर झाला. बंगाल कौन्सिलानें त्याच वर्षीं असाच ठराव फेटाळला आणि १९२५ पर्यंत तेथील स्त्रियांस वाट पाहावी लागली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मुंबईच्या यशाची किंमत कळते.

पण ह्या यशाचें माप अतिशयोक्तीनें वाढवितां कामा नये. मत मिळालें तें पुरुषांच्या अटींवर, आणि पुरुषांच्या अटी मालमत्तेच्या होत्या. ठराविक शेतसारा, घरभाडें किंवा प्राप्तीवरील कर भरणारासच मत असे. निफाड तालुक्याचेंच उदाहरण घ्या. कांद्याचीं रोपें लावणारे, खुरपणारे, काढणीस वांकणारे हात मुख्यतः बायकांचे. पण सातबाराच्या उताऱ्यावर नांव पुरुषाचें. तेव्हां १९२१ च्या ठरावानें त्या शेतांत राबणाऱ्या बाईच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं. मालमत्ता स्वतःच्या नांवावर असलेल्या थोड्या स्त्रिया, आणि त्यांत साहजिकच विधवांचा भरणा अधिक, एवढ्यांसच तो हक्क पोंचला. हळदीकुंकवास जिला बोलावीत नसत, तिला मतपेटीनें प्रथम बोलाविलें. पण जिच्याजवळ हळदीकुंकूही नव्हतें आणि जमीनही नव्हती, ती बाहेरच राहिली.

दुसरीही मर्यादा सांगितली पाहिजे. रमाबाईंचें कार्य मुख्यतः पांढरपेशा वर्गांत झालें. त्यांच्या जन्माच्या आधींच, १८४८ पासून, पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं सर्व जातींच्या मुलींस शिकविण्यास आरंभ केला होता. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या न्यायबुद्धीची झडती घेतली होती. त्या धारेशीं सुधारकांच्या धारेचा संगम झाला नाहीं. निफाडच्या शेजारचाच नाशिक घ्या. २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराच्या दारांशीं डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांनीं सत्याग्रह सुरू केला, त्यांत अस्पृश्य मानलेल्या समाजांतील स्त्रियाही उभ्या होत्या. निफाडास लागून असलेल्या येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. जुलै १९४२ मध्यें नागपुरास दलित स्त्रियांची स्वतंत्र परिषद सुलोचनाबाई डोंगरे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. सेवासदनाच्या वाड्यांत ज्यांचा आवाज पोंचला नव्हता, त्यांनीं आपलें व्यासपीठ आपणच बांधलें. रमाबाईंची थोरवी ह्यानें कमी होत नाहीं. मात्र महाराष्ट्राच्या स्त्रीचा इतिहास एकाच वाड्यांत मावणारा नाहीं, एवढें ह्यावरून कळतें.

१९२४ सालीं रमाबाई वारल्या. १९२१ च्या ठरावानंतर १९२३ ची निवडणूक आली, आणि मुंबई इलाख्यांतील स्त्रियांनीं कायदेकौन्सिलासाठीं प्रथम मत दिलें. तें पाहण्याचें भाग्य रमाबाईंस लाभलें. उमेदवार म्हणून उभें राहण्याचा मार्ग मात्र त्यांच्या पश्चात् १९२६ सालीं मोकळा झाला. १९३५ च्या कायद्यानें प्रांतिक विधिमंडळांत स्त्रियांसाठीं ४१ जागा राखून ठेविल्या. स्वतंत्र भारताची घटना बनविणाऱ्या सभेंत पंधरा स्त्रिया बसल्या, त्यांत मुंबईच्या हंसाबाई मेहता होत्या. आणि २६ जानेवारी १९५० पासून मालमत्तेची अट सुटली. निफाडच्या शेतांतील ती खुरपणारी बाई पुढील निवडणुकींत, जमिनीच्या उताऱ्यावर नांव नसतांही, मतदार म्हणून हक्कानें आली. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायतींत स्त्रियांस किमान एकतृतीयांश जागा दिल्या, आणि २०११ सालीं महाराष्ट्रानें त्या निम्म्यावर नेल्या.

ऑस्ट्रियाच्या आडेलहाइड पॉपनें संसदेंत भाषणें केलीं, कायद्यांचे मसुदे मांडले. तिचें राजकारण कागदोपत्रीं नोंदलें गेलें. रमाबाई कोणत्याही कौन्सिलाच्या सभासद झाल्या नाहींत. त्यांचें राजकारण मिरवणुकींत, अर्जांवरील सह्यांत आणि एकेका घरीं जाऊन घातलेल्या समजुतींत विरून गेलें. म्हणूनच त्यांचें चरित्र लिहितांना आपण पुनःपुन्हां ‘आठवणीं’कडे वळतों, आणि पुनःपुन्हां न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशीं थांबतों. पुण्याच्या त्या कॉलेजवीरांस सुनावणारी, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठीं रस्त्यावर उतरणारी, कौन्सिलाच्या ५२ सभासदांचा होकार मिळविण्यासाठीं झटणारी जी विधवा, तिची कथा तिनें लिहिली नाहीं. सेवासदनाचे अहवाल, कौन्सिलाच्या वादविवादांचे छापील वृत्तांत, त्या काळचीं मासिकें व वर्तमानपत्रें ह्यांतून ती आजही गोळा करतां येईल. ‘आठवणी’ मराठी घरांतून वाचल्या जातात, तशा त्या पुढेंही वाचल्या जाव्यात. पण त्यांचें शेवटचें पान उलटल्यावर रमाबाईंची पुढील तेवीस वर्षांची हकीकत अजून सांगावयाची राहिली आहे, एवढें वाचकांनीं मनांत ठेवावें.